निवांत जेवा, पावणं!

गेल्या रविवारी कोल्हापुरात एका अनोळखी गृहस्थानं परस्पर माझ्यासाठी भात मागवला. मी तेव्हा दुसऱ्या भाकरीचा पहिला तुकडा मोडत होतो. त्या भाताचा राग अजून उतरलेला नाही, तोवर लिहून काढतो.

कामासाठी गेलो होतो, काम दुपारी आटपलं. रविवार, बुधवार, शुक्रवार हे तिथले मटणाचे वार. त्यातल्या रविवारी कोल्हापुरात असून वडापाव खाऊन गाडीत बसलो असतो, तर घरी तोंड दाखवायला जागा उरली नसती. हॉटेलचं नाव सांगणार नाही, कारण मटण खरंच चांगलं होतं आणि माझी तक्रार मटणाबद्दल नाहीच. चार खुर्च्यांच्या टेबलावर कॉलेजातली तीन पोरं जेवत होती, चौथी खुर्ची मला मिळाली. पोरांनी कॉलेजच्या वयाला शोभेल अशा वेगानं ताटं साफ केली आणि ती उठून गेली. लगेच माझ्या खुर्चीच्या पाठीवर दोन हात येऊन टेकले.

"निवांत जेवा, पावणं," मागून आवाज आला. "आमची काय गडबड न्हाई."

वळून पाहिलं. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, गॉगल डोक्यावर चढवलेला. मी म्हटलं, "बसा ना, तीन खुर्च्या मोकळ्या आहेत."

"छे छे. फॅमिली हाय बरोबर. परक्या माणसासंगं मंडळी अवघडत्यात. तुमचं होऊ द्या सावकाश."

एवढं बोलून त्यांनी एका खुर्चीवर रुमाल टाकला, दुसरीवर गाडीची किल्ली ठेवली आणि तिसरीवर लहान मुलाची पाण्याची बाटली. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं. फरक इतकाच की यष्टीत निदान सीटवर आधीचा माणूस बसलेला नसतो. मग ते परत माझ्या मागं येऊन उभे राहिले. बाजूला नाही, समोर नाही. मागं.

समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं काहीतरी करता येतं. त्याच्याकडे बघून हसता येतं, भुवई उंचावता येते, अगदीच झालं तर "या जेवायला" म्हणता येतं. मागं उभ्या असलेल्या माणसाचं काहीच करता येत नाही. त्याचा श्वास ऐकू येतो. आपण तांबड्याचा भुरका मारला की तो आवंढा गिळतो. मी घास बारीक करून बघितले, मोठे करून बघितले, शेवटी चव कशी होती तेच विसरलो. आणि दर दोन घासांनी मायेनं ओथंबलेला तो आवाज, "निवांत, निवांत."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंडळी बाहेर गाडीत एसी लावून बसली होती. गृहस्थांनी माझ्या डोक्यावरून धावतं समालोचन सुरू केलं.

"हां. न्हाई अजून. पहिली भाकरी संपली, दुसरी यायचीया... एकटाच हाय... न्हाई गं, हळू जेवतोय माणूस. दात दुखत असतील... आत्ता पांढरा पितोय बघ... कांद्याला हात लावला न्हाई अजून... हां, लिंबू पिळला. पिळला, पिळला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण फोन कानापासून बाजूला करून ते माझ्याकडे वाकले. "पावणं, मिसेस विचारतीया, रस्सा लई तिखट हाय काय? सासूबाईंना अल्सर हाय."

मी म्हटलं, बराच तिखट आहे. खरं तर नव्हता. माणूस कोपऱ्यात सापडला की जमेल तिथून वार करतो. गृहस्थांनी तत्परतेनं फोनवर कळवलं, "तिखट हाय म्हणतोय, पर खातोय झ्याक. तू आईला पांढराच दे."

मग मंडळींनी आघाडीवर एक पोरगा पाठवला. सहा-सात वर्षांचा असेल. तो मात्र मागं उभा राहिला नाही. त्यानं टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि थेट माझ्या ताटात बघायला लागला. ताटात नळी होती. ही नळी मी शेवटासाठी राखून ठेवली होती. नळी खाणं हा चारचौघांत करायचा प्रकारच नाही. ती आधी ताटावर आपटावी लागते, मग तोंडाला लावून असा आवाज काढावा लागतो की सभ्य माणसानं दुसरीकडं बघावं. पोरगा दुसरीकडं बघत नव्हता.

"पप्पा, ते काका नळी टाकून देणार हायत?"

"न्हाई रे, शेवटाला खात्यात ती," पप्पांनी वरून समजावलं. मग माझ्या कानाशी येऊन, "न्हाई म्हंजे, खाणार असशिला तर खाऊन घ्या की, गार झाल्यावर मज्जा न्हाई."

त्या सल्ल्यात तथ्य होतं, म्हणून तर जास्त राग आला. नळी मी खाल्ली नाही. तशीच सोडून आलो. या सगळ्या प्रकरणात माझं खरं नुकसान काय झालं असं कुणी विचारलं, तर ते हेच.

दुसरी भाकरी काही येईना. वेटरला विचारलं की तो "टाकलीया" म्हणून पुढं सटकायचा. तव्यावर टाकली की विसरून टाकली, ते त्याचं त्याला ठाऊक. अखेर आली. मी तुकडा मोडला, आणि माझ्या डोक्यावरून खणखणीत आवाज गेला, "ए बाळू, ह्यांचा भात आण रे! आणि बिल घिऊनच ये!"

मी घास खाली ठेवला. "अहो, मी भात मागितलेला नाही."

"ताटात असतोयच की भात. आज ना उद्या खायचाच हाय न्हवं?"

"आज ना उद्या नाही, मी आत्ता भाकरी खातोय."

"मग खावा की! कोण न्हाई म्हणलंय? निवांत खावा."

बाळूनं भात वाढला, भाकरीच्या वरच. बिलाची चिठ्ठी पाण्याच्या ग्लासाखाली सरकवली आणि जाता जाता फडक्यानं टेबल पुसलं. माझ्या ताटाभोवती व्यवस्थित गोल फिरवून पुसलं. त्याच फडक्यानं शेजारच्या टेबलावरची हाडं लोटलेली मी थोड्या वेळापूर्वीच पाहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, रांग नव्हती का? नव्हती. याच शहरात अंबाबाईच्या देवळात दर्शनाची रांग वेगळी, नुसतं मुखदर्शन घेणाऱ्यांची वेगळी, आणि हजारो माणसं निमूटपणे त्यातून पुढं सरकतात. देवळापासून हाकेच्या अंतरावरचं हॉटेल मात्र चार ओळींची वही ठेवून नावं लिहून घेऊ शकत नाही. नाव लिहून घेतलं की मालकाला क्रम पाळावा लागतो. उभं ठेवलं की गिऱ्हाईकच गिऱ्हाइकाला उठवतं, पगार न घेता. माझ्या मागं उभे असलेले गृहस्थ वस्तुतः त्या हॉटेलचे बिनपगारी नोकर होते. मालक गल्ल्यावर बसून हे सगळं बघत होता आणि बडीशेप चघळत होता. भूक लागलेल्या माणसावर मी किती चिडणार? चिडायचं तर त्या बडीशेपीवर.

बरं, वरच्या मजल्यावर एसी हॉल होता आणि तो जवळपास रिकामा होता. मला तिथं प्रवेश नव्हता. दारातच सांगण्यात आलं होतं, "एकट्याला वर न्हाई, फॅमिली ओन्ली." एकटा पुरुष एसीत बसला तर काय करेल अशी भीती असते कुणास ठाऊक. गृहस्थांकडं तर फॅमिली होती, गाडीभर होती. मी जरा आशेनंच म्हटलं, "वर जागा आहे की."

ते हसले. कीव आल्यासारखं. "वर त्येच मटण, त्योच रस्सा, आणि रेट बघा की. गारव्याचे पैशे कोण देतंय?"

म्हणजे ज्या गारव्याचे पैसे वर द्यायचे नव्हते तो खाली गाडीचं इंजिन चालू ठेवून चालला होता. पण रेटबद्दल माणूस चुकीचं बोलत नव्हता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा एसी हॉटेलाला १८ टक्के आणि बिगर-एसीला १२ टक्के कर होता, त्यामुळं वरचं ताट महाग असण्याला निदान एक सबब होती. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून दोन्हीकडं सरसकट ५ टक्के झाले. सरकारनं फरक मिटवला. तो मेनूकार्डातून मात्र आजतागायत कुणी खोडलेला नाही.

बिलाचंही तसंच. हाती लिहिलेल्या त्या चिठ्ठीवर खाली "जीएसटी ५%" असं लावलं होतं आणि जीएसटीचा नंबर कुठंच नव्हता. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या हॉटेलाला कंपोझिशन नावाची जीएसटीची सोपी योजना घेता येते. मग तो ५ टक्के कर हॉटेलवाल्यानं स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नसतो आणि बिलावर तसं छापायचंही असतं. योजना घेतली नसेल तर कर जरूर घ्यावा, पण नंबर छापावा. इथं नंबर नाही, छपाई नाही, कर मात्र आहे. शिवाय न मागितलेली पाण्याची बाटली, जिचं झाकण बाळूनं मला विचारायच्या आत मोडलं होतं. छापील किमतीपेक्षा जास्त लावली होती, पण त्यावर भांडायची सोय नाही. हॉटेलवाल्यांना तशी मुभा असल्याचं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्येच सांगून टाकलं आहे. सर्व्हिस चार्ज तेवढा नव्हता. तो सक्तीनं लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच ठरवलं. इथल्या मालकानं ते वाचलं असेल असं वाटत नाही. सर्व्हिस नावाची गोष्ट हॉटेलात चालू असल्याचं त्याच्या कधी ध्यानातच आलं नसावं.

ग्राहकांसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. कराचं, न मागितलेल्या बाटलीचं तिथं सांगता येतं. पण "माझ्या मागं एक माणूस उभा आहे आणि तो मला निवांत जेवा म्हणतोय," ही तक्रार कुठल्या रकान्यात बसवणार?

भात मी चार घासांत संपवला. तो कशाबरोबर खाल्ला ते आठवत नाही. ताट पूर्ण रिकामं होण्याआधीच गृहस्थांनी खुर्ची दोन बोटं मागं ओढली, मी तिच्यावर बसलेला असताना. मग "मंडळींना आणतो" म्हणत पोराला घेऊन ते बाहेर धावले. मी बेसिनकडं गेलो. हात धुऊन, गल्ल्यावर उभा राहून जीएसटीचा नंबर विचारला. मालक म्हणाला, "मशीन बिघडलंय," आणि बडीशेपीची वाटी माझ्यापुढं सरकवली.

तेवढ्यात मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून, चौघेजण आत आले. पांढरे कपडे, एकाच्या हातात दोन फोन. मालक गल्ला सोडून उठला. तो उठू शकतो हे मला तेव्हाच कळलं. "या की, या की," म्हणत त्यानं त्यांना थेट माझ्या टेबलावर नेलं. बाळूनं रुमाल, किल्ली आणि पोराची बाटली गोळा करून माझ्याकडं आणून दिली. का, तर मी "त्यांच्या बरोबरचा" होतो म्हणे.

दारातून मंडळी आत आली. पुढं गृहस्थ, मागं वहिनी, पोराचा हात धरलेल्या सासूबाई. त्यांनी टेबल बघितलं, पांढरे कपडे बघितले, मालकाकडं बघितलं. मालकाला एक शब्द बोलले नाहीत. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले, इतक्या वेळात पहिल्यांदाच समोर.

"काय राव पावणं, उठलासा कशाला? आम्ही यीस्तवर जरा दम धरायचा की!"

मी त्यांच्या हातात रुमाल, किल्ली आणि बाटली ठेवली. "तुम्हीच तर भात मागवलात," मी म्हटलं.

"भात मागवला म्हून काय लगीच उठायचं?" ते वहिनींकडं वळले. "बघ, मगाशी चावून चावून खात होता, आणि नको तवा घाई केली."

सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांना अल्सर मीच दिला होता.