अ‍ॅलिस कोल्ट्रेनची भजनं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या भजनांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ही अमेरिकन जॅझ कलाकार नवऱ्याच्या नावावर मोठी झाली, तिचं अध्यात्म ही त्या काळच्या अमेरिकेतली फॅशन होती आणि तिची भजनं मुळात भजनंच नव्हेत, असं तुम्ही लिहिलंय.

पहिल्या आक्षेपाला मीच जबाबदार आहे. लेखाची सुरुवात मी तिचा नवरा, जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, याच्या १९६७ मधल्या मृत्यूपासून केली आणि तिची आधीची वाटचाल राहून गेली. डेट्रॉइटची ही मुलगी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढली, पॅरिसला जॅझ पियानोवादक बड पॉवेलकडे शिकली, जॅझ वादक टेरी गिब्जबरोबर पियानो वाजवू लागली. जॉन भेटला तो त्यानंतर.

फॅशनचं मात्र मला अजिबात पटत नाही. एकोणतिसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरात चार मुलं. योगगुरू स्वामी सच्चिदानंद तिला भेटले ते या दुःखाच्या काळात. १९७० च्या अखेरीस ती भारतात येऊन गेली. तसे तेव्हा पुष्कळ जण आले आणि परत जाऊन आपापल्या कामाला लागले. तिने १९७५ मध्ये वेदान्तिक सेंटर हे आध्यात्मिक केंद्र काढलं, भगवी वस्त्रं घेतली, तुरीयसंगीतानंद झाली. १९७८ नंतर मोठ्या कंपन्यांसाठी रेकॉर्ड करणं तिने थांबवलं, ते थेट २००४ पर्यंत. कॅलिफोर्नियात आगूरा हिल्सला आश्रम उभारला आणि २००७ मध्ये जाईपर्यंत त्याच वाटेवर राहिली. फॅशन इतकी वर्षं टिकते का?

आता भजनं. त्यांत चर्चचा सूर ऐकू येतो म्हणता, तो आहेच. ठेका, टाळ्या, स्वरांची रचना, सगळ्यात डेट्रॉइट आहे. पण आपल्या भजनी मंडळातली पेटी तरी कुठली? हार्मोनियम युरोपातून आली. एकादशीला तिच्यावर तुकोबांचा अभंग सुरू झाला की कुणाला युरोप आठवत नाही. जिने लहानपणी देवाला ऑर्गनवरच आळवलं, तिने कृष्णाला आळवताना तो ऑर्गन दाराबाहेर ठेवायचा होता का?

तिचा १९८२ चा ‘तुरीया सिंग्ज’ हा अल्बम एकदा ऐका. आश्रमातल्या लोकांसाठी काढलेली ती कॅसेट, त्यात ती स्वतः गायली. मूळ कॅसेटवर सिंथेसायझर आणि व्हायोलिनं आहेत, पण मुलगा रवी याने २०२१ मध्ये तीच गाणी नुसता तिचा आवाज आणि ऑर्गन एवढंच ठेवून प्रसिद्ध केली. तीच आधी ऐका, रात्री, घर शांत झाल्यावर. मग पुन्हा लिहा, मी वाट पाहते.