पोटगीतून सायकल वळती

आज चौदा तारीख. कोर्टाच्या आदेशात दहा लिहिलीय. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत नऊ हजार, मुलासाठी. सातपूरहून घरी येताना मायको सर्कलच्या सिग्नलला स्कूटरवर उभी होते, तेव्हा फोन वाजला. ३,५०० जमा. खाली पोराच्या बापाचा मेसेज: "सायकलचे वळते केले. बाकी पुढच्या महिन्यात बघू."

वळते केले! वाढदिवसाला पोराला दिलेली सायकल बापाने त्याच पोराच्या दुधातून, शाळेच्या रिक्षातून कापून घेतली. सायकल मी मागितली नव्हती, पोरानेही मागितली नव्हती. त्याला शाळेचे काळे बूट हवे होते, कारण जुन्यात अंगठा दुमडतो. पण बुटांसोबत फोटो कोण काढणार? सायकलला हार घालून फोटो काढला, स्टेटसला ठेवला, भाऊबंदांनी अंगठे दाखवले, "बापाचं काळीज" म्हणाले. आणि दोन आठवड्यांनी त्या काळजाचं बिल माझ्याकडे आलं, साडेपाच हजार.

त्या साडेपाच हजारांत काय काय बसतं ते मला विचारा. रिक्षावाल्या काकांचे पंधराशे. ट्यूशनचे हजार. महिन्याचं दूध. दाढ किडलीय, तिचं काम दोनदा पुढे ढकललंय. घरभाडं मी भरते, किराणा मी भरते, रात्री ताप आला तर उठून पट्ट्या मी ठेवते, त्याचा हिशोब मी कुणाला पाठवत नाही. पण एका दिवाळीच्या फोटोत माझ्या अंगावर नवा कुर्ता दिसला, तर लगेच मेसेज, "माझ्या पैशावर मजा चाललीय." अरे, तुझे कुठले पैसे? ते पैसे पोराचे आहेत!

आणि कारणं तरी किती! दिंडोरीकडे त्याच्या घरची द्राक्षबाग आहे, तिच्याबरोबर कारणंही वर्षभर पिकतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मजुरांना पैसे द्यायचेत. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, पुन्हा तेच. मग डाऊनी रोग आला, औषधं महागली. अवकाळीने मणी तडकले. आणि माल निघाला की व्यापाऱ्याने पैसे थकवले. द्राक्षवाल्याचे हाल मला कुणी शिकवू नयेत, आठ वर्षं त्या घरात राहिले आहे, गारपिटीनंतर बागेत उभं राहून रडलेली माणसं मी पाहिलीत. म्हणून तर चीड येते. खऱ्या शेतकऱ्याचं दुःख हा माणूस पोराचे पैसे बुडवायला वापरतो, आणि ज्या वर्षी भाव चांगला मिळाला त्या वर्षी "बाग वडिलांची आहे, माझा काय संबंध?"

कोर्टात हेच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज शपथेवर लिहून द्यायचं. मी दिलं, माझ्या भिशीसकट. त्याने अंबडच्या कंपनीतला पगार लिहिला आणि शेतीच्या रकान्यात "निरंक". शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि त्याच्या रिटर्नमध्येही काही दिसत नाही. आता ते सिद्ध कुणी करायचं? मी. सातबारे मी काढायचे, पावत्या मी शोधायच्या, त्यासाठी रजा मी टाकायची.

वसुलीचा अर्ज केला तर त्याचीही युक्ती ठरलेली. तारखेच्या आदल्या दिवशी दोन हजार टाकायचे, दुसऱ्या दिवशी वकिलाने उभं राहून सांगायचं, "आमचे अशील भरत आहेत, मुदत मिळावी." मुदत मिळते. माझा अर्ध्या दिवसाचा पगार जातो, वकीलबाईंची फी जाते, आणि दोन हजार घेऊन मी घरी येते. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते हे त्याला माहीत आहे. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हेही माहीत आहे. म्हणून वॉरंट निघणार नाही एवढंच भरायचं, मोजून.

सगळ्यात जास्त राग मला माझ्या पहिल्या वर्षाचा येतो. आई म्हणायची, "जाऊ दे बाई, तोंडी लागू नकोस, पोराचा बाप आहे." मी गप्प बसले. नंतर कळलं की पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. माझे चार महिने असे गेले. छत्तीस हजार! कुणीतरी आदेश हातात देतानाच हे सांगायला हवं होतं. तुमच्या ओळखीत कुणी अशी गप्प बसली असेल, तर तिला आजच सांगा, उद्या नको.

वर नातेवाईक. "तू कमावतेस ना आता?" हो, कमावते. म्हणून बापाची जबाबदारी संपली? तो नोकरीला लागला तेव्हा माझी आईपणाची जबाबदारी संपली होती का? आणि त्याची शेवटची धमकी तर ठरलेलीच, "पोराला भेटू देत नाहीस तर पैसे मागू नकोस." दर दुसऱ्या रविवारी पोरगा दहा वाजल्यापासून अंघोळ करून, भांग पाडून पंचवटीत आमच्या जिन्यात बसतो. गेल्या पाच रविवारांपैकी दोनदा बाप आला. आणि तसंही भेट वेगळी, पोटगी वेगळी. पोराची भूक काय भेटीवर थांबते?

रात्री मी वहीत सगळं उतरवलंय. तारीख, आलेली रक्कम, बाकी. सायकलच्या रकान्यात शून्य. त्याला मेसेज केला, "सायकल घेऊन जा, ५,५०० पाठव." निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पोराने हे ऐकलं असावं, कारण झोपायच्या आधी त्याने सायकल जिन्यातून आत आणून पलंगाशेजारी लावली आणि हँडल धरूनच झोपला.