काळ्या जादूगाराचा सातबारा

५९९ रुपये गेले त्याचं दुःख नाही असं मी घरी सांगितलंय, पण आहे, लय आहे. पार्सलवाला आमच्या गावात येत नाही, फाट्यावरच्या पानठेल्यावर खोका टाकून जातो, त्यासाठी दोन चकरा मारल्या. ज्या फँटसी मालिकेचे सगळे भाग मी कापसाच्या ढिगावर लोळत वाचले, तिच्यातल्या काळ्या जादूगारावरची ही वेगळी कादंबरी. मूळ मालिकेत हा माणूस दोन वाक्यं बोलायचा अन् अंगावर काटा यायचा. इथं ४०० पानं बोलतो. बापानं लाड केले नाही, किल्ला थोरल्याला दिला, एका पोरीनं नाही म्हटलं, की झाला काळा. अबे, एवढ्यावर जादूगार होत असते तर आमचा अर्धा तालुका उडत असता.

काल त्याच ठेल्यावर तोंड पाडून बसलो होतो. बाजूला खर्रा घोटत बसलेले आबाजी म्हणाले, “काहून रे बापू, बोंडअळी पडली का?”

“नाही आबाजी, पुस्तक खराब निघालं.”

“वापस कर मंग.”

“उघडलं की वापस होत नाही.”

“म्हणजे बियाण्यासारखंच हाय.”

मग गाढवपणा माझा, मी स्टोरी सांगायला लागलो.

“वावर किती होतं बापाचं?”

वावर नाही आबाजी, किल्ला होता.

“किल्ल्याखाली जमीन असनच ना. सातबाऱ्यावर नाव कोणाचं?”

मला काय माहीत!

“मंग तू वाचलं काय?”

ठेलेवाल्याचा चुना लावायचा हात थांबला, दोघंतिघं सरकून जवळ आले. आबाजींनी निकाल दिला, “सारं थोरल्याच्या नावावर केलं अन् हा जादू शिकला. बराबर हाय त्याचं. आमच्या लहान्यानं बी तेच केलं असतं, त्याले जादू येत नोयती म्हणून कोर्टात गेला.” सतरा वर्षं तारखा चालू आहेत म्हणे, एक वकील वारला, अन् धुऱ्यावरची बाभूळ कोणाची ते अजून ठरायचंय. खरं सांगतो, माझ्या पुस्तकापेक्षा ती बाभूळ भारी, तिला निदान काटे आहेत.

आता बाजूच्या पात्रावर कादंबरी लिहूच नये असं मी म्हणत नाही. हिंदीतल्या जुन्या कादंबरीकारानं, देवकीनंदन खत्रींनी, आपल्याच ‘चंद्रकांता संतति’ कादंबरीतल्या भूतनाथ नावाच्या ऐयारावर, म्हणजे वेष बदलून फिरणाऱ्या हेरावर, वेगळी कादंबरी काढलीच की, १९१३ मध्ये ते गेले तर पोरानं, दुर्गाप्रसादनं, पुढं लिहून पुरी केली. पण भूतनाथ जुनी पापं लपवत फिरणारा माणूस, त्याचं मागचं जाणून घ्यायची खाज वाचकालाच होती. इथं लेखकाला वाटते की दुष्ट दिसला की त्याला बिचारा केलाच पाहिजे, अन् त्या नादात ड्रॅगन पण रडतो. ड्रॅगन! रडतो! ५९९ मध्ये!

आज सकाळी दूध घालायला गेलो तर आबाजींनी अडवलंच. “भेटला का मंग किल्ला त्याले?”

रात्री बसून शोधलं होतं हो मी. १४० पानानंतर किल्ल्याचं नावच नाही, लेखकच विसरला.

आबाजी जरा वेळ गप्प राहिले. “खोका तरी ठेवला का?”

“ठेवला.”

“दे मंग. कोंबडी खुडूक झाली हाय, अंड्यावर बसवतो.”