मेसचे पैसे पाच तारखेला, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी

जुलै-ऑगस्टमध्ये माझा फोन सतत वाजत असतो. पोरगं बीए, बीएस्सी झालेलं असतं, एमए-एमएस्सीला पुण्यात नाहीतर संभाजीनगरला नंबर लागलेला असतो, आणि पलीकडून वडील विचारतात, "मॅडम, स्कॉलरशिप मिळंल ना?" मी सांगते, कागद नीट असतील तर मिळेल. पुढचा प्रश्न ठरलेला, "कधी मिळंल?" त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नसतं. विभागातलं शिष्यवृत्तीचं काम बरीच वर्षं पाहूनही नसतं.

आपल्याकडे योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून ठरावीक उत्पन्नगटांत पूर्ण माफ झाली, आणि ते चांगलंच झालं. पण अनुदानित विभागात एमए करणाऱ्या मुलाची अडचण बहुतेक वेळा फीची नसते. अडचण असते कॉट बेसिसवरच्या खोलीची, मेसची, अभ्यासिकेची आणि सणाला गावी जायच्या एसटी तिकिटाची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सगळ्यात वरच्या गटातल्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी वर्षाला १३,५०० रुपये ठरले आहेत. म्हणजे महिन्याला ११२५. पुण्यात एवढ्यात एका वेळचीसुद्धा मेस महिनाभर भागत नाही. स्वाधारचे वर्षाचे ६०,००० पुण्या-मुंबईत त्या मानाने खरोखर उपयोगाचे, महिन्याला पाच हजार पडतात. पण ते महिन्याला हातात पडत नाहीत. मेसवाल्या मावशींना पाच तारखेला पैसे लागतात, आणि मुलाचा फॉर्म तेव्हा पोर्टलवर 'अंडर स्क्रुटिनी' असतो.

या 'अंडर स्क्रुटिनी'त मुलांचं काय होतं ते मी जवळून पाहते. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला असतो, नवा काढायला गावी जावं लागतं, तेवढे दिवस प्रॅक्टिकल बुडतात. आधारला जोडलेलं खातं भलत्याच बँकेतलं निघतं. फॉर्म परत येतो, दुरुस्त होऊन पुन्हा जातो, मग आमच्या टेबलावर, मग जिल्ह्याच्या कार्यालयात. माझ्या एका विद्यार्थ्याचा दुसरा हप्ता एमएस्सीची शेवटची परीक्षा देऊन तो गावी परतल्यावर जमा झाला. मधल्या काळात तो रात्री एका गोदामात पार्सलं लावायचा आणि सकाळच्या लेक्चरला मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवायची धडपड करायचा. त्याचे मार्क कमी पडले. त्या मार्कांमागे काय होतं, हे गुणपत्रिकेवर कुठेच लिहिलेलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत त्याच्याकडे 'सेकंड क्लासचा मुलगा' म्हणूनच पाहिलं जाणार, याचा मला फार त्रास होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: शिष्यवृत्ती किती, याइतकंच ती कोणत्या महिन्यात हातात पडते याला महत्त्व द्या. वेळेवर येणारे तीन हजार उशिरा येणाऱ्या दहा हजारांपेक्षा जास्त शिकवतात.

हे आपल्या जुन्या माणसांना नीट कळलेलं होतं. वार लावून जेवणाऱ्या मुलाला सोमवारचं जेवण सोमवारीच मिळायचं. अर्थात ती घरं सगळ्यांना उघडी नव्हती, जात बघूनच ताट वाढलं जायचं. म्हणून तर शाहू महाराजांना कोल्हापुरात बोर्डिंगं काढावी लागली आणि भाऊराव पाटलांना १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह. तिथलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आपण त्याग म्हणून सांगतो, आणि तो त्याग होताच. पण पोरं आज जेवली पाहिजेत, अनुदान येईल तेव्हा येईल, हा त्यातला हिशेब आपण विसरलो.

बाबासाहेबांच्या शिक्षणाकडे मी नेहमी याच नजरेने पाहते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते महिन्याला साडेअकरा पौंड देऊन, तीन वर्षांसाठी. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. त्या पैशांच्या जोरावर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी केवढं काम उरकलं हे आपल्याला माहीत आहे. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसरीने साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, आणि १९२० साली पुन्हा लंडन. डी.एस्सी. हातात आली १९२३ साली. शिष्यवृत्ती, नोकरी, बचत, कर्ज, दोस्ती, सगळं त्यात आहे. आणि मधली ती वर्षंही आहेत, केवळ पैशाची मुदत संपल्यामुळे अभ्यासातून गेलेली. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही ती मोजावी लागली. आज बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी आंदोलनाला बसतात, नोंदणीच्या तारखेपासून पूर्ण रक्कम द्या म्हणून घोषणा देतात, तेव्हा ते हीच वर्षं वाचवायला बसलेले असतात. पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत झाला. ज्या सभागृहाने तो ऐकला त्याच्या आवारात बाबासाहेबांचं नाव रोज घेतलं जातं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

कर्जाबद्दल थोडक्यात सांगते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, तरी बँकेत गेल्यावर आधी शेताचा सातबारा विचारला जातो असं मुलं सांगतात. २०२४ साली मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना चांगली आहे, पण निवडक संस्थांपुरती, सुरुवातीला ८६०. आमच्यासारख्या कॉलेजात एमए करणाऱ्या मुलाने त्या भरवशावर राहू नये.

आता कामाबद्दल. विद्यार्थ्याने काम करून शिकावं या मताची मी पूर्ण आहे. भाऊरावांच्या नावाने पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' चालते, कोल्हापुरात चालते, पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहायला जागा आणि स्वावलंबनाची सवय देते आहे. यातून घडलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यात एक वेगळा ताठपणा असतो. पण एमएस्सी रसायनशास्त्राच्या मुलीला दोन वर्षं फक्त फाइलींवर नंबर टाकायला लावणं मला पटत नाही. ती पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेऊ शकते. एमए मराठीचा मुलगा ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकांची सूची करू शकतो. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला गेलेल्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात आणि त्यासाठी आठवड्याला आठ तास विभागाचं काम करावं लागतं. ती रक्कमही वर्षानुवर्षं जागेवरच आहे, पण रचना योग्य आहे: दरमहा पैसे, मोजके तास, आणि काम विषयातलं. संशोधनाची जेआरएफ फेलोशिप मिळालेल्याला २०२३ पासून ३७,००० आहेत. मधल्या थरातल्या, राज्य विद्यापीठातल्या एमए-एमएस्सीच्या मुलासाठी मात्र यातलं काहीच नाही. आमच्याकडे प्रॅक्टिकलला माणसं कमी पडतात, मुलांकडे पैसे कमी पडतात, आणि दोन्ही अडचणी एकाच इमारतीत राहतात.

आमच्या विभागात आम्ही एक छोटा फंड सुरू केला आहे. माजी विद्यार्थी त्यात पैसे टाकतात, त्यातून गरजू मुलाची मेस दरमहा थेट भरली जाते, आणि त्याचा हप्ता आला की तो जमेल तसे परत करतो. कल्पना जुनीच आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो परतफेडीच्या कर्ज-शिष्यवृत्तीचाच. परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जातो. आमच्या मुलांनी आजवर पैसे बुडवलेले नाहीत. एकाने तर नोकरी लागल्यावर घेतले त्याच्या दुप्पट भरले. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

पण हे काम फंडाचं नाही, विद्यापीठाचं आहे. प्रवेश झाला की कागदांची छाननी चालू असतानाच हंगामी मासिक निर्वाह सुरू करावा आणि शिष्यवृत्ती आल्यावर तो वळता करून घ्यावा, एवढी तरतूद अर्थसंकल्पात करणं अशक्य नाही. हा अर्थसंकल्प अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, मांडला जातो. त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून गेलेले दहा सदस्य असतात. तुमच्यापैकी अनेकांनी ती नोंदणी केली असेल, नसेल तर करा. पुढच्या निवडणुकीत पॅनेलवाले मत मागायला दारात आले की त्यांना विचारा, मुलाला पहिला हप्ता कोणत्या महिन्यात देणार? उत्तर लिहून घ्या, आणि जमलं तर इथे कमेंटमध्ये टाका.