दाजी आणि डेटाबेस

काल माझ्या बिलातून पाचशे रुपये कापले गेले. कापले शेठनी, कापायला लावले त्यांच्या दाजींनी. वर चहा पाजला, तोही 'अर्धा अर्धा घेऊ' म्हणून.

जागा सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचं अडत दुकान. तिथली वजनं, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, सगळं मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतं. ऐन हंगाम, सौदे उरकलेले, शेतकरी पट्टीसाठी बाकड्यावर बसलेले, आणि पट्टी सेव्ह करायला गेलं की पडद्यावर 'डेटाबेस इज लॉक्ड', म्हणजे नोंदींच्या साठ्याला कुलूप. दिवाणजींचा फोन आला, मी गाडीला किक मारली. माझा या गोष्टीतला भाग एवढाच. पुढची सगळी दाजींची आहे.

दाजी म्हणजे शेठच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सगळी नोकरी पाण्याची पातळी वाचण्यात गेली. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं, पण दाजींच्या ते रक्तात उतरलंय. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं, त्यावर ते आजही अशा आवाजात बोलतात की ऐकणाऱ्यानं पाय वर घ्यावेत. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही. तेव्हा ते सकाळी दुकानात येतात, दिवाणजींच्या खुर्चीत बसतात आणि माझ्या डेटाबेसच्या फाइलीची साइज बघतात.

"आज 38 एमबी. कालच्यापरास एकानं वाढली."

त्यांनी स्वतःच इशारा पातळी 40 एमबी आणि धोका पातळी 45 एमबी ठरवून टाकली आहे. एसक्यूलाइटची, म्हणजे मी वापरलेल्या डेटाबेसची, एक फाइल 281 टेराबाइटपर्यंत जाऊ शकते, असं मी सांगून पाहिलं. "पूर येतो तवा असंच म्हणत्यात सगळी," दाजी म्हणाले. मग एके दिवशी त्यांनी पातळी उतरवायला 2018 सालच्या पट्ट्या उडवल्या. का, तर त्यातले निम्मे शेतकरी आता या दुकानात येत नाहीत. पट्ट्या गेल्या, साइज मात्र तिथंच. एसक्यूलाइटमध्ये नोंद पुसली तरी तिची जागा फाइलीच्या आतच मोकळी राहते, पुढच्या नोंदींसाठी. फाइल खरोखर बारीक करायची तर व्हॅक्यूम नावाचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. दाजींनी निष्कर्ष काढला की माझं गेज खराब आहे, आणि तो शेठना कळवलाही. बॅकअपवरून त्या पट्ट्या मी परत आणल्या, त्याचं बिल अजून यायचंय.

मुख्य फाइलीशेजारी दोन बारक्या फायली दिसतात, त्या कसल्या, हेही त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं, ताज्या नोंदी आधी त्यातल्या एका फाइलीत उतरतात, मग सवडीनं मोठ्या फाइलीत जातात. 2010 पासूनची ही सोय आहे, तिच्यामुळे एकजण लिहीत असताना बाकीच्यांचं वाचन थांबत नाही. हात लावू नका. दाजींनी मान हलवली. सरकारी नोकरीतला माणूस मान हलवतो तेव्हा त्याचा अर्थ 'नोंद घेतली' एवढाच असतो.

आता कालचं. मी खुर्ची ओढली, तर दाजी आधीच शेजारी.

"काय इंजिनिअर, अडकलं का अडकवलं?"

"बघतो दाजी."

"बगायचं काय त्यात? बंद करून चालू करा की."

"तसं नको. आधी कुणी धरून ठेवलंय ते बघायला पाहिजे."

"धरतंय कोण? दुकानात आपलीच माणसं."

मी समजावून सांगितलं. इथे वही एक आणि पेनही एकच. वाचायला कितीही जण वाकून बघू देत, पण लिहिणारा एका वेळी एक. त्यानं पेन ठेवलं की दुसऱ्यानं उचलायचं. समोरचा लिहीत असेल तर दहा सेकंद वाट बघ, हेही मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलंय. दहा सेकंदांत भल्याभल्यांचं लिहून होतं.

"एकच जण?" दाजी बाकड्याकडे वळले. "अहो, आमच्या खात्यात एका मस्टरवर चौघं लिवायची. कुणाचं काय अडलं न्हाई."

"म्हणूनच तर..."

"काय म्हणूनच?"

"काही नाही दाजी."

"किती पैसं पडलं ह्या डेटाबेसला?"

"फुकट आहे."

दाजींनी बाकड्यावरच्या प्रत्येकाकडे एकेकदा पाहिलं. "फुकटात असंच मिळणार."

इथे माझं डोकं फिरलं. एसक्यूलाइट 2000 साली आली. रिचर्ड हिप हा माणूस अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर करत होता. तिथला मोठा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की यांचा प्रोग्रॅमही गळपटायचा आणि शिव्या यांना. म्हणून त्यानं सर्व्हरच नको असा डेटाबेस लिहिला. एक फाइल, बस्स. सांभाळायला प्रशासक लागता कामा नये, ही त्यातली मुख्य अट. समुद्रात नौकेवर प्रशासक आणणार कुठून? हे सगळं मी दाजींना सांगितलं. युद्धनौकेसाठी लिहिलेला, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, व्हॉट्सअॅपचे मेसेज त्यातच साठतात.

दाजींनी फोन काढला, उलटापालटा करून पाहिला. "माजा कदी लॉक झाला न्हाई."

"कारण त्यात दुसरं कुणी शिरत नाही."

"नातू असतोय की दिवसभर."

प्रशासक लागू नये म्हणून बनवलेला डेटाबेस! हिपसाहेबांनी सांगलीचं अडत दुकान बघितलेलं नाही. इथे शेठ प्रशासक, दिवाणजी प्रशासक, शेठचा मुलगा प्रशासक. ही फाइल नेटवर्कच्या फोल्डरमध्ये टाकून तिन्ही दुकानांतून उघडू, असं तो दर दिवाळीला म्हणतो. नेटवर्कवर फाइलीची कुलपं भरवशाची नसतात, दोघांनी एकदम लिहिलं तर फाइल कामातून जाऊ शकते, असं मी दर दिवाळीला सांगतो. हमालांचा मुकादमसुद्धा प्रशासक. त्याचं तर बरोबरच आहे. मागे हमालीच्या रकान्यात दाजींनी 1250 ऐवजी '1,250' असं स्वल्पविराम देऊन लिहिलं, वाचायला बरं दिसावं म्हणून. रकाना आकड्यांचा आहे, पण एसक्यूलाइट स्वभावानं भिडस्त. आकडा नाही जमला तर मजकूर म्हणून ठेवून घेते, हाकलून देत नाही. मग वजाबाकी करताना स्वल्पविरामापर्यंतच वाचते. पट्टीतून हमाली कापली गेली एक रुपया. मुकादमानं तो रुपया माझ्या समोर टेबलावर ठेवला आणि एक शब्द बोलला नाही. रकान्याला कडक शिस्त लावायची 'स्ट्रिक्ट' सोय 2021 मध्ये आली, हा प्रोग्रॅम त्याच्या आधीचा. टेबलं बदलून देतो म्हटलं तर शेठ म्हणतात, "हंगाम होऊ दे." हळदीचा झाला की बेदाण्याचा येतो.

असो. मी शोधत होतो. पडद्यावर जुन्या पट्ट्या दिसत होत्या, याद्या उघडत होत्या, फक्त नवीन काही लिहू देत नव्हता. म्हणजे कुणीतरी पेन हातात धरून बसलंय. वजनाचा प्रोग्रॅम बंद केला. तरी तेच. शेवटी पडद्याच्या खालच्या कडेला एक ओळखीचं चित्र दिसलं. डीबी ब्राउझर. डेटाबेस थेट उघडून आत हात घालायचं साधन. मी ते टाकलेलं नाही.

"हे कुणाचं?"

"ते व्हय," दाजी खुश झाले. "आमच्या पुतण्यानं टाकून दिलंय. इंजिनिअरिंगला हाय. लई हुशार पोरगं."

उघडलं. शेतकऱ्यांची यादी. एका रकान्यात बदल केलेला, पण जतन केलेला नाही. या ब्राउझरमध्ये तुम्ही एक अक्षर बदललं की लिहिण्याचा हक्क त्याच्याकडे जातो, आणि तुम्ही बदल पक्का करेपर्यंत किंवा सोडून देईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. दहा सेकंद थांबा, दहा तास थांबा. तो बदल असा होता: 'हक्षीरसागर'.

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"दाजी, हा ह कसला?"

"त्याचं असं झालं," दाजी खुर्चीत सावरून बसले. "क्षीरसागर घावंनात. क्ष कुठं असतोय? शेवटाला. ह, ळ, क्ष, ज्ञ. शाळेत शिकलोय आपण. तुमच्या यादीत ते कौलगेकरांच्या खाली आन खोतांच्या वर बसल्यात. म्हणून पुढं एक ह घातला. आता बराबर शेवटाला जातंय."

खरं सांगायचं तर तक्रार रास्त आहे. एसक्यूलाइट आपणहून मराठी क्रम पाळत नाही. ती अक्षरांचे संगणकातले आकडे लावून बघते, आणि तिथे क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. हलन्ताचा आकडा सगळ्या मात्रांच्या नंतरचा, म्हणून क्षीरसागर क-च्या घरात, तेही पार शेपटाला. ळ बिचारा ल-च्या मागे बसलेला. क्रमाचा नियम वेगळा लिहून जोडता येतो. मी त्याचं कोटेशनही दिलं होतं. शेठनी ते बघून विचारलं होतं, "एका अक्षराचं एवढं?"

"मग जतन का नाही केलंत?"

"चहा आला."

सौदे झाल्यापासून अख्खं दुकान एका ह-साठी थांबलं होतं. मी तो बदल सोडून द्यायला माउस सरकवला, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला. दाजींनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. पडदा काळा.

"आता चालू करा."

चालू केलं. अर्धवट बदल डेटाबेसनं नेमानं बाजूला टाकला, ह गेला, कुलूप गेलं, पट्टी सेव्ह झाली. प्रिंटर खरखरला. बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, "दाजींनी केलं बघा!" शेठ गल्ल्यावरून उठून आले. "तासभर तुम्ही नुस्तं बगत बसलाय, इंजिनिअर."

मी शेठना बाजूला घेऊन सांगणार होतो. पण सांगणार काय? अडकवलं दाजींनी? पंधरा शेतकऱ्यांसमोर, बहिणीच्या नवऱ्याचं? तेही थोरल्या? आपल्याकडे दाजींचं चुकत नसतं, दाजींना चहा येत असतो. मी म्हणालो, "दुसरा एक प्रोग्रॅम उघडा राहिला होता." दाजी म्हणाले, "बगा, मी म्हणत नव्हतो?"

आणि मग ते पाचशे. वायरमन पक्कड घेऊन येतो, दोन वायरी पिळतो, पैसे घेऊन जातो, त्याला कुणी विचारत नाही की तू नुसता बघत का होतास. नळवाला जुना वॉशर काढून हातावर ठेवतो. मी हातावर काय ठेवू? न घडलेलं नुकसान दाखवता येत नाही. एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचा, विषय काढला की पुण्याच्या कंपनीचं नाव निघतं. पुण्याच्या कंपनीला फोन केला तर आधी नंबर लागतो, मग बाई इंग्रजीत बोलते, मग तीन दिवसांनी कुणीतरी स्क्रीन बघतं, आणि त्याचं बिल मात्र एका चेकनं जातं. मी मिरजेच्या अलीकडे राहतो, हाक मारली की येतो, हा माझा दोष.

एसक्यूलाइटच्या कोडमध्ये वर हक्कांची नोटीस नसते, तिच्या जागी आशीर्वाद असतो. चांगलं करा, वाईट करू नका. स्वतःला क्षमा लाभो आणि इतरांना क्षमा करा. मोकळ्या हातानं वाटा, देता त्याहून जास्त घेऊ नका. शेवटचं वाक्य छापून शेठच्या गल्ल्यावर चिकटवायचा विचार आहे. मधलं अजून जमायचंय.

आज सकाळी दाजींचा फोन. रात्री यार्डात लाइट गेली होती. यूपीएसची बॅटरी मेली आहे, हे मी लेखी दिलेलं आहे.

"इंजिनिअर, काल संध्याकाळी पातळी बगितली. 46. धोक्याच्या वर."

"दाजी, मी सांगितलं ना, त्या साइजनं काही..."

"ऐका तर. सकाळी लवकर आलो. दिवाणजी यायच्या आत, प्रोग्रॅम उगडायच्या आत, थोडा विसर्ग केला."

मी उभा राहिलो. "कसला विसर्ग?"

"मोठ्या फाइलीला हात लावला न्हाई बरं का. तुमचा शब्द ध्यानात हाय. त्या शेजारच्या दोन बारक्या होत्या, त्या सोडल्या."

"दाजी, कालच्या पट्ट्या त्यातच... रिसायकल बिन बघा. काही करू नका, नुसतं बघा."

"ते बी रिकामं केलं. पाणी सोडलं की मागं बगायचं नसतंय."