फौजी माणसाच्या आठवणी लिहिताय? मग त्याच्या थापाही लिहा

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं खानापूर, निपाणी, चिकोडीकडं गावोगाव माजी सैनिक भेटतात. त्यांतला कुणी गेला की दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागतो. वर्दीतला फोटो, मागं रणगाडा, खाली 'झुंजार योद्धा'. आणि ज्यानं उभी गल्ली हसवली, तो माणूस त्यात कुठंच नाही. मला हे पटत नाही.

हा म्हातारा नातवंडांना 'फॉल इन' करायचा, उंचीप्रमाणं उभं करून 'गिनती कर' म्हणायचा, आणि शेवटचं शेंबडं पोर चुकलं की सगळ्यांना अंगणात एक फेरी, स्वतःसकट. आणि थापा! लष्करप्रमुख माणेकशॉ आधी लांबून दिसलेले असतात, पाच-सहा दिवाळ्यांनी त्यांनी यांच्याच मगातला चहा प्यालेला असतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक असतं. पण बॅनरचा मजकूर देणारा पुतण्या नेमकं तेच खरं धरतो. थाप थाप म्हणूनच लिहा, 'आजोबा असं सांगायचे' असं म्हणून, त्यांच्याच शब्दांत. तिची मजा तिथंच आहे.

खरं काय ते काळ्या ट्रंकेत असतं. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहिलेलं असतं. रंग द्यायच्या किंवा भंगारात घालायच्या आधी त्याचा फोटो काढा. आत डिस्चार्ज बुक असेल. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, ट्रेड म्हणजे फौजेतलं काम, मेडलं, सगळं त्यात सापडतं. १९७१ चं संग्राम मेडल एकटं असेल तर माणूस आघाडीवर होताच असं नाही, ते त्या काळात नोकरीत असलेल्यांना सरसकट मिळालं. पूर्व आघाडीचं 'पूर्वी स्टार' किंवा पश्चिम आघाडीचं 'पश्चिमी स्टार' मेडल असेल तर कुठल्या बाजूला होता ते कळतं. पत्रांवरून ठिकाण शोधायला जाऊ नका, '५६ ए.पी.ओ.' या लष्करी टपालाच्या पत्त्यामागं जवान कुठंही असू शकतो, त्यासाठीच तर तो पत्ता असतो.

मेडलं चिंचेनं किंवा पॉलिशनं घासू नका. कडेवर नंबर आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं, दोन-चार वेळा जोरात घासलं की तेच पुसट होतं. फीत उन्हात विटते, म्हणून फ्रेम खिडकीसमोर नको.

सगळ्यात जास्त नासधूस ग्रुप फोटोची होते. खालच्या पुठ्ठ्यावर पलटणीतल्या सगळ्यांची नावं छापलेली असतात, आणि फ्रेममध्ये बसावा म्हणून तो पुठ्ठाच कापतात. मग शेजारी उभा असलेला तो दाढीवाला कोण, हे सांगायला कुणी उरत नाही. आधी पुठ्ठ्यासकट स्कॅन करा. मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा वळ पुढं उमटतो.

ट्रेडच्या रकान्यात 'कुक' निघाला तर लपवू नका राव. शंभरावर जवानांच्या कंपनीला वेळेवर जेवण देणं हीसुद्धा नोकरीच. लंगरातला माणूस बॅनरवर बंदूक धरून उभा केला तर त्याचे पलटणीतले दोस्तच हसतील.

तिरंग्याचंही तसंच. ध्वजसंहितेप्रमाणं पार्थिवावर तिरंगा फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीत घालता येतो. मान मिळालेला नसताना बाजारातून आणून घालू नये. माजी सैनिक संघटनेला कळवा, पुष्पचक्र घेऊन येतात.

संसाराचं मात्र त्याच्या बायकोला विचारा, आणि पोरांच्या देखत नको. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि थोडी कॅज्युअल, एवढ्यात या माणसानं बाप म्हणून काय काय उरकलं ते तिलाच ठाऊक. 'मागच्या रजेत आले तेव्हा धाकटी रांगत होती, यंदा ओळख दाखवीना,' अशी तिची मोजणी रजांवर चालते. परका वाटणाऱ्या पोराला चार दिवसांत जवळ करायचं, तर घोडा होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो खेळकरपणा बराचसा तिथून आलेला असतो.

जाता जाता: तिचं लग्नात बदललेलं नाव, फौजेच्या रेकॉर्डमधलं नाव आणि आधारवरचं नाव ताडून बघा. एकात माहेरचं, दुसऱ्यात सासरचं, तिसऱ्यात नुसती आद्याक्षरं, हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि फॅमिली पेन्शन तिथंच अडकते. माणूस हयात असताना त्याच्या सहीनं दुरुस्ती सोपी जाते, मागाहून बाईला हेलपाटे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, आजोबांना रिक्षात घाला आणि घेऊन जा. वाटेत थापा मारतील, त्या फोनवर रेकॉर्ड करा.