टाकीला ताप आला

मातीविना शेती करणारा आमच्या गावात मी पहिला. गावाला विचाराल तर शेवटचाही. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात लेट्यूस लावणाऱ्याला काय काय म्हणतात, ते मला म्हणून झालं आहे.

भोकं पाडलेले पांढरे पाइप, भोकांत रोपं आणि खालच्या 200 लिटरच्या टाकीतून फिरणारं खतपाणी, एवढा पसारा. टाकीत तीन सेन्सर सोडलेत. एक तापमान सांगतो, एक पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते, आणि एक ईसी, म्हणजे पाण्यात खत किती ते. आकडे वाय-फायवरून थेट माझ्या मोबाईलवर.

पीएचच्या काडीचं टोपण आईनं आधीच एकदा 'घाण पाणी' ओतून स्वच्छ पुसून ठेवलं होतं. ते पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण होतं. काडीची काच कोरडी पडली की ती मनाला येईल तो आकडा सांगते. मग तिला पीएच 4 आणि 7 च्या द्रावणांत बुडवून पुन्हा पाढे शिकवावे लागले.

पण खरा घोळ मावसबहिणीच्या लग्नात झाला. यवतमाळला पंगतीत बसलो, वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि मोबाईल कोकलला. पाण्याचं तापमान 47! पाणी 25 च्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मुळं कुजायला लागतात. 47 ला तर थेट सूप. सेन्सर उणे 55 ते 125 अंश मोजतो, त्यामुळे आकड्यावर शंका घ्यायचीही सोय नव्हती.

बाबा घरीच होते.

"बाबा, टाकीत बर्फ टाका."

"बर्फ? आता कोठून आनू?"

"गोळेवाल्याकडून!"

अर्ध्या तासानं बघतो, तर 47.

"टाकला काय?"

"टाकला ना बे, अख्खी लादी."

"अजून एक टाका."

दुसरी लादी पडली आणि आकडा 45 वर आला. मी जिलबी मागवली. आभाळ आलंय, हे तेव्हा कुठं ध्यानात येतं! ढग सरकला, आकडा 48. तिसरी लादी. वरमाला पडल्या तेव्हा मी मांडवामागे रेंज शोधत होतो.

संध्याकाळी घरी पोचलो. टाकीत बर्फाचे तुकडे तरंगत होते, पाण्यात हात घालवत नव्हता. सेन्सर मात्र बाहेर, टिनाच्या खिळ्याला, पश्चिमेच्या उन्हात लटकलेला.

"हे कोणी काढलं?"

"म्याच काढलं. वायर पान्यात पडेल होती. कोनाले करंट लागला असता तं?"

मोबाईल नीट पाहिला. दुपारपासून ईसी 1.6 वरून 0.7 वर घसरली होती; वितळत्या बर्फानं खत पातळ केलं होतं. दिवसभरात ॲप तेवढंच खरं बोललं, आणि नेमकं तेच मी वाचलं नव्हतं.

सकाळी गोळेवाला तीन लाद्यांचे पैसे घ्यायला आला. टाकीत डोकावून म्हणाला, "कालाखट्टा टाकू का ऑरेंज?"